अनुभव धागा : दाढीवाला स्पॉक आणि वाईट विश्वातली इतर मंडळी

दूर्वांकुर

परवा लेकाचा व्हिडिओ कॉल आला. ओठांभोवती छान टोकदार फ्रेंच दाढी! "हे काय ध्यान" म्हणायचं सोडून माझ्या तोंडून निघालं, "अरे, तू इकडचा की तिकडचा?" त्याला काही कळलं नाही. तुम्हाला कळेल.

मी शाळेत असताना दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं, एंटरप्राइझ या अंतराळयानाची मालिका. त्यातला 'मिरर, मिरर' हा भाग मूळचा १९६७चा, आमच्या घरी फार उशिरा पोचला. आयन वादळात ट्रान्सपोर्टर (माणसांना क्षणात इकडून तिकडे पोचवणारं यंत्र) गंडतो आणि कप्तान कर्क आणि त्याचे साथीदार मॅकॉय, स्कॉटी, उहुरा समांतर विश्वातल्या भलत्याच एंटरप्राइझवर उतरतात. जहाज तेच, माणसं तीच. पण छातीवर मूठ आपटून सलाम, प्रत्येकाच्या कमरेला खंजीर, आणि बढती हवी तर वरच्याचा काटा काढायचा. चुकला की ॲगनी बूथ, म्हणजे यातना देणारी पेटी. आणि एरवी सफाचट असणाऱ्या स्पॉकला तिकडे टोकदार दाढी. आमचा टीव्ही कृष्णधवल, त्यामुळे त्यांचे ते सोनेरी कमरपट्टे मला आजही राखाडीच आठवतात.

दाढीची भीती नाही वाटली. भीती वाटली जहाजावरच्या सुलूची. गालावर व्रण, आणि उहुराकडे तो ज्या नजरेने बघतो ती नजर. आदल्या रविवारपर्यंत हा आपला गोड सुलू होता हो! तशी नजर आमच्या कॉलनीतल्या एका काकांची होती, म्हणून जास्त लागलं असेल. असो.

गंमत म्हणजे दाढीवाला स्पॉक वाईट नाहीच. त्या जगात राहून जितकं सभ्य वागता येईल तितकं तो वागतो. जाता जाता कर्क त्याला सांगतो, हे टेरन (म्हणजे पृथ्वीवाल्यांचं) साम्राज्य टिकणार नाही हे तुलाच कळतंय ना, मग बदल की. तो म्हणतो, विचार करीन.

तुम्हाला कुठल्या मालिकेतलं वाईट विश्व लक्षात राहिलं? कधी, कुणाबरोबर पाहिलं? नुसतं कथानक नको, ते कुठेही मिळतं.

टवाळपंत

ताई, यात स्टार ट्रेकचं काय कौतुक? आपल्याकडे १९७९ साली 'गोलमाल'मध्ये अमोल पालेकरांनी नुसत्या मिशीवर दोन विश्वं चालवली. मिशी आहे तो संस्कारी रामप्रसाद, मिशी नाही तो वाया गेलेला लक्ष्मणप्रसाद. ट्रान्सपोर्टर नाही, आयन वादळ नाही, एक आखूड कुर्ता पुरला.

शिंपला

हसून हसून पुरेवाट. उत्पल दत्त टेरन साम्राज्याचे सम्राट असते तर स्पॉकची थेट बढती.

खगोलवेडा

मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

"विचार करीन" म्हणाला ना स्पॉक? त्याने खरंच केला. हे पाहायला लोकांना १९९४ उजाडावं लागलं. स्टार ट्रेकचीच पुढची मालिका डीप स्पेस नाइन, तिचा 'क्रॉसओव्हर' हा भाग. त्यातले किरा आणि डॉक्टर बशीर वर्महोलमधून (अंतराळातल्या बोगद्यातून) पलीकडे जातात तर तिथे माणसं गुलाम, खनिजाच्या भट्ट्यांवर राबतायत. का? तर स्पॉक वर चढत गेला, सुधारणा केल्या, शस्त्रं कमी केली, आणि मऊ पडलेल्या साम्राज्यावर क्लिंगॉन आणि कार्डॅशियन हे परग्रहवाले युती करून तुटून पडले. म्हणजे कर्क साहेब भाषण ठोकून घरी गेले आणि बिल शंभरेक वर्षांनी तिसऱ्यांनीच भरलं.

मी हे हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये पाहिलं, रात्री, आवाज बारीक करून. बाजूला एकजण व्हायवाचा अभ्यास करत होता. त्याने मान वर केली, "पण मग कर्कने काय करायला हवं होतं?" म्हणाला आणि परत पुस्तकात. मला आजही उत्तर सापडलेलं नाही. स्पॉकचं चुकलं असंही म्हणवत नाही.

पुढे मात्र डीप स्पेस नाइनवाल्यांनी त्याची जत्रा केली. जवळजवळ दर वर्षी फेरी, दर वेळी जास्त विनोदी. तिकडच्या किराला, म्हणजे इंटेन्डंट किराला, चामड्याचा पोशाख आहे म्हणून भाग काढायचे अशी मला शंका आहे.

साबुदाणावडा

हे सगळं कुठे बघायला मिळेल? आमच्याकडे दोन ॲप आहेत आणि दोन्हीवर यांना क्रिकेटच दिसतं.

बर्फातली_मैना

खगोलवेडा, तो व्हायवावाला पुढे काय झाला?? :)

माझं मत फ्रिंज या मालिकेला. लग्न होऊन नुकतीच अमेरिकेत आले होते. नवरा ऑफिसला, बाहेर ढीगभर बर्फ, गाडी येत नाही, मग काय, टीव्ही. पहिल्या सीझनचा शेवट २००९च्या मे महिन्यात लागला. नायिका ऑलिव्हिया एका ऑफिसात जाते, समोर विल्यम बेल (म्हणजे आपले लिओनार्ड निमॉय! स्पॉक इथेही पलीकडेच भेटला). कॅमेरा मागे मागे जातो आणि कळतं, हे ऑफिस वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये आहे. दोन्ही टॉवर उभे. शेजारची बाई माझ्याबरोबर बघत होती. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू होता. मी विचारलं नाही काही.

त्यामुळे ते विश्व 'वाईट' असं मला पहिल्यापासून वाटलंच नाही. आणि नंतर तर बाजू उलटीच होते. आपल्याकडचा शास्त्रज्ञ वॉल्टर १९८५ साली तिकडे जाऊन तिकडचं पोर उचलून आणतो, कारण स्वतःचा मुलगा गेलेला असतो. त्या येण्याजाण्याने तिकडचं जग फाटायला लागतं. जिथे फाटेल तिथे पिवळा अंबर ओतून सगळं सील करायचं, आतली माणसं आतच. आता सांगा, तिकडच्या वॉल्टरने आपल्यावर दात धरला तर तो खलनायक कसा? मूल चोरीला गेलंय त्याचं! वर, लहान मुलांवर प्रयोग करायला हा 'खलनायक' ठाम नकार देतो. ते आपल्या लाडक्या, दुधात बुडवलेली बिस्किटं खाणाऱ्या छाप वॉल्टरने खुशाल केलेले असतात.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मूल नव्हतं. नंतर परत पाहायला घेतलं आणि तो १९८५चा भाग अर्ध्यात बंद केला.

टवाळपंत

मैना, यावर विनोद सुचत नाहीये. पास.

गुगलीष

स्ट्रेंजर थिंग्जचं अपसाइड डाउन कुणीच लिहिलं नाही??? बेस्ट आहे ते

खगोलवेडा

ते बसत नाही यात. तिथे गाव आहे, माणसं नाहीत. तिकडचा 'मी' भेटला पाहिजे. राक्षस भेटला तर ती भुताची गोष्ट.

गुगलीष

काका नियम कोणी बनवले

दूर्वांकुर

गुगलीष, लिहा हो तुम्ही, इथे परीक्षा नाही. खगोलवेडांचा मुद्दा मला पटतो ही गोष्ट वेगळी.

प्रकाशवर्ष

इंग्लंडातून हजर. सगळे स्टार ट्रेकलाच ओवाळतायत म्हणून १९७० सालचं 'इन्फर्नो' नोंदवून ठेवतो. डॉक्टर हू ही बीबीसीची मालिका, जॉन पर्टवी डॉक्टर होता तो काळ. मला हे माझ्या जुन्या घरमालकाने दाखवलं. निवृत्त रेल्वे कर्मचारी, एरवी भाड्याशिवाय बोलणं नाही, पण याच्या डीव्हीडी कपाटात कुलूपबंद. सात भाग होते, दर रविवारी जेवण झालं की एक. मला वरणभात करून न्यावा लागायचा, तो अलिखित करार.

पृथ्वीच्या पोटात भोक पाडायचा प्रकल्प चालू असतो. डॉक्टर घसरून बाजूच्या जगात जातो. तिथेही तोच प्रकल्प, पण काही तास पुढे. आणि ब्रिटन फॅसिस्ट प्रजासत्ताक, राजघराण्याला मारून टाकलेलं. इकडचे डॉक्टरचे मित्र ब्रिगेडियर तिकडे ब्रिगेड लीडर, एका डोळ्यावर काळी पट्टी. पंत, तुमच्यासाठी खास: चांगल्याला मिशी आहे, वाईटाची सफाचट. तुमचा लक्ष्मणप्रसाद सिद्धांत बीबीसीने नऊ वर्षं आधीच मांडला होता.

पण खरी गोष्ट पुढे आहे. ते जग वाचत नाही. भोक पडतं, लाव्हा येतो, संपलं. डॉक्टर त्यांना सोबत आणू शकत नाही आणि हे त्यांना कळतं. डॉक्टरची सहकारी एलिझाबेथ शॉ, पण तिकडची, गणवेशातली, कडक, ब्रिगेड लीडरला गोळी घालते, डॉक्टर निसटावा म्हणून. तिच्या वाट्याला काहीच नाही. स्टार ट्रेकची माणसं चूक दुरुस्त करून परत येतात. इथे परत येऊन फक्त स्वतःच्या घरचं भोक बुजवता येतं.

घरमालक सातव्या भागाच्या शेवटी म्हणाले, "आमच्या लहानपणी हे फार लांबचं वाटायचं नाही." त्यांच्या वडिलांची पिढी युद्धातली. मग नेहमीसारखं भाड्याचं बोलले.

आजोळ

वरणभात आवडायचा का त्यांना?

प्रकाशवर्ष

लिंबू वेगळं मागून घ्यायचे.

नवथर

स्टार ट्रेकचंच डिस्कव्हरी राहिलं. (पुढे रहस्यभेद आहे, ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी खाली सरका.) कॅप्टन लोर्का! जवळजवळ पाऊण सीझन आपण 'कडक पण कर्तबगार बॉस' म्हणून कौतुक करतो आणि तो तिकडचा निघतो. खूण डोळ्यासमोर असते, त्याला उजेड सोसत नाही. तिकडच्या माणसांचे डोळे तसेच असतात म्हणे. यांनी तिसऱ्या-चौथ्या भागालाच सांगितलं होतं, "हा आमच्या आधीच्या मॅनेजरसारखा आहे, हा नक्की दुसरीकडून आलाय." मी म्हटलं गप बसा. नंतर दोन दिवस घरात विजयी मुद्रा.

शिंपला

नवथर, पण हे १९६७च्या भागाशी लावून बघा. तिथे तिकडचे कर्क वगैरे इकडे येतात आणि आपला स्पॉक त्यांना लगेच ओळखून कोठडीत टाकतो. त्याचं म्हणणं असं की सभ्य माणसाला रानटीपणाचं सोंग आणणं सोपं, रानटी माणसाला सभ्यतेचं सोंग जमत नाही. पन्नास वर्षांनी लोर्काला ते बेमालूम जमलं, कुण्णाला पत्ता नाही. यात रानटी जास्त हुशार झाले की आपण जास्त भोळे, माहीत नाही. मला स्पॉकचं जुनं वाक्य आवडायचं, पण पटतो आता लोर्काच जास्त.

कुकरची शिट्टी झाली, पळते.

काळी_मांजर

'एंटरप्राइझ' नावाच्या स्टार ट्रेक मालिकेचा २००५चा दोन भागांचा मिरर विसरलात. त्या मालिकेचं सुरुवातीचं गाणं मी न चुकता पुढे ढकलायचे. त्या दिवशी ढकलायच्या आधीच वेगळं वाजायला लागलं. जहाजांच्या, शोधांच्या चित्रांऐवजी रणगाडे, बॉम्ब, कवायती. त्याआधी पहिला प्रसंग तर कहरच. व्हल्कन (स्पॉकची जमात) पहिल्यांदा पृथ्वीवर उतरतात, हात वर करून अभिवादन करतात, आणि पृथ्वीवरचा संशोधक कॉक्रन हस्तांदोलनाऐवजी बंदूक काढून गोळी घालतो. पुढे मग नुसती लूट.

आणि यात आपल्याकडचं कुणी पात्र तिकडे जातच नाही. नीती सांगायला माणूसच नाही. सगळे बेशरम, सगळ्यांचा डाव सगळ्यांवर, शेवटी जहाजावरची होशी सातो सम्राज्ञी. निखळ मजा. माझी मतं फार खोल नाहीत, सॉरी.

मुळामुठा_ते_श्प्रे

काउंटरपार्ट ही मालिका पाहिलीय का कोणी? २०१७-१९, दोनच सीझन. मी बर्लिनमध्येच असतो, लॉकडाऊनमध्ये पाहिली, आणि तो योग फार वाईट होता. १९८७ साली पूर्व जर्मनीत प्रयोग फसून जगाच्या दोन प्रती होतात. त्या क्षणापर्यंत हुबेहूब एक. मग थोडं थोडं वेगळं, आणि पुढे तिकडे फ्लूची साथ येते, अगणित माणसं जातात. तिकडच्यांना वाटतं, हे इकडच्यांनीच पाठवलं. झालं, शीतयुद्ध.

जे. के. सिमन्स दोन्हीकडचा हॉवर्ड. इकडचा आयुष्यभर एका खात्यात नोकरी करतोय, सांकेतिक वाक्यं बोलून येतो, त्याचा अर्थ काय ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. (हसू नका. माझंही काम साधारण असंच आहे.) तिकडचा उद्धट, धाडसी. दोघांच्या चेहऱ्याला ना दाढी ना मिशी, तरी कुठला कोण ते मान वळवण्यावरून कळतं. स्पॉकच्या मेकअपवाल्यांनी हे बघावं.

अर्धापाव

पण आपल्या भाषेतलं समांतर विश्व वाईट नव्हतंच ना. नारळीकरांच्या कथेतले गंगाधरपंत! पानिपतात विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाजवळून जाते, आणि मराठे जिंकतात. मुंबईत मात्र ईस्ट इंडिया कंपनी टिकून. मे २०२५मध्ये नारळीकर गेले त्या आठवड्यात परत वाचली. मला सगळ्यात आवडतो आझाद मैदानाचा प्रसंग. व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी, पंतांना राहवत नाही, बसतात. तिकडे अध्यक्षीय भाषणाची पद्धतच मोडीत निघालेली. लोक टोमॅटो आणि अंडी मारतात. इतकं सुधारलेलं विश्व अजून कुठल्या मालिकेत दिसलं नाही मला.

टवाळपंत

आमच्या गणेशोत्सवाचा कोषाध्यक्ष म्हणून मी त्या विश्वाचं नागरिकत्व मागतो.

सदाशिवरावभक्त

विश्वासराव वाचले असते तरी निकाल बदलला नसता, खरा प्रश्न रसदीचा होता. भाऊंनी

दूर्वांकुर

सदाशिवरावभक्त, हात जोडते, पानिपताचा वेगळा धागा आहे आणि तिथे अजून लढाई चालूच आहे. तिकडे जावं.

खगोलवेडा, स्पॉकच्या सुधारणांचं मला माहीतच नव्हतं. 'क्रॉसओव्हर' काल पाहिला. किराला तिची जुळी सांगते ना सगळा इतिहास, किती सहज, गप्पा मारल्यासारखी. मला कर्कचा राग नाही आला. पण पलटून एकदा बघायला कुणी गेलं असतं तर.

खगोलवेडा

जाणार कोण, ताई. पुढच्या रविवारी नवा ग्रह असतो त्यांना.

आणि मैना, व्हायवावाला पास झाला. आता दुबईला आहे, स्टार ट्रेक अजून पाहत नाही.

साबुदाणावडा

मैनाताईंनी इतकं छान लिहिलं म्हणून ॲप घेऊन काल रात्री फ्रिंजचा पहिला भाग लावला. सासूबाई, आम्ही दोघं, ताटं वाढून. विमानातल्या माणसांचं मांस वितळायला लागलं. सासूबाईंनी ताट सरकवलं, यांनी परत क्रिकेट लावलं. जेवताना लावू नका हे कुणी सांगायचं होतं?

बर्फातली_मैना

अगं बाई!! सॉरी सॉरी. दुसरा भागसुद्धा जेवताना नको. तिसरासुद्धा. पोट रिकामं ठेवूनच बघ सगळा.