‘ड्रॉ लेंथ’, ‘ड्रॉ वेट’, ‘फॉर्म’ : धनुष्य अंगाला बेतताना मराठी शब्द कोणते वापरावेत?

प्रश्न

पुण्यात माझी मुलगी ज्या तिरंदाजीच्या वर्गाला जाते, तिथल्या नव्या पालकांसाठी चार पानांचे मराठी टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि पाच-सहा शब्दांपाशी मी अडले आहे. आधाराला माझ्या भाच्याने पाठवलेले इंग्रजी टिपण आहे. तो अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो आणि रीतसर परवाना काढून धनुष्याने हरणाची शिकार करतो. हंगाम सुरू होण्याआधी धनुष्य आपल्या मापाचे आहे ना आणि आपली नेम धरण्याची पद्धत बिघडलेली नाही ना, हे तपासण्यासाठी त्याने ते स्वतःपुरते लिहून ठेवले होते. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे शिकारीला बंदी असल्यामुळे शिकारीचा मजकूर मी घेणार नाही. मात्र हात, खांदा, पाठ आणि दोरी यांचा हिशेब हरणासमोर जो असतो, तोच ७० मीटरवरच्या १२२ सेंटिमीटरच्या लक्ष्यासमोरही असतो, म्हणून बाकीचे टिपण जसेच्या तसे उपयोगी आहे.

अडचण अशी, की मैदानावर सगळे ‘ड्रॉ लेंथ’ (दोरी किती ओढायची ते अंतर), ‘ड्रॉ वेट’ (ती ओढायला लागणारे बल), ‘अँकर’ (ओढलेला हात टेकवण्याची जागा), ‘रिलीज’ (दोरी सोडणे), ‘फॉर्म’ (शरीर लावण्याची पद्धत) असेच म्हणतात. मुले ते महिन्याभरात उचलतात, पालकांना मात्र त्यातून चुकीचा अर्थ लागतो. ‘तीस पाउंडांचे धनुष्य’ ऐकून एका आजोबांनी माझ्या मुलीच्या हातातले धनुष्य उचलून पाहिले आणि ‘हे तर दोन किलोसुद्धा भरणार नाही’ असे सांगितले. त्यांची चूक नव्हती, ‘वजन’ म्हटल्यावर माणूस वस्तू उचलूनच पाहणार.

माझी स्वतःची चूक याहून महागात पडली. मुलीसाठी वापरलेले कंपाउंड (टोकांना चाके असलेले) धनुष्य घेताना दुकानदाराने ‘वाढत्या अंगाचे घ्या, दोन वर्षे चालेल’ असा सल्ला दिला, आणि शाळेचा गणवेश घेताना आपण जे करतो तेच मी केले. त्या धनुष्याची ‘ड्रॉ लेंथ’ साडेसत्तावीस इंचांवर लावलेली होती. मुलीच्या दोन्ही हातांची कव १६० सेंटिमीटर, म्हणजे ६३ इंच आहे; तिला अडीचने भागले तर सव्वापंचवीस इंच येतात. दोन-सव्वादोन इंचांचा हा फरक भरून काढायला ती कमरेतून मागे झुकू लागली, डाव्या हाताचे कोपर आत वळवून ताठ करू लागली, आणि आठवड्याभरात कोपराच्या आतल्या बाजूला दोरीच्या फटक्याने बोटभर रुंद काळानिळा वळ उठला. हे माप मला माझ्या भाषेत कोणी समजावून सांगितले असते, तर ते धनुष्य मी घेतले नसते. म्हणून हे शब्द मला नीट हवे आहेत.

प्रतिसाद

ताई, मी आयुष्यभर संस्कृत शिकवले, धनुष्य मात्र कधी हातात धरलेले नाही, तेव्हा शब्दांपुरतेच लिहितो.

‘तिरंदाज’ हा शब्द फारसी आहे. ‘तीर’ म्हणजे बाण, ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा. क्रिकेटमुळे घरोघरी पोहोचलेला ‘गोलंदाज’ मुळात तोफेचा गोळा टाकणारा, त्यातलाही ‘अंदाज’ हाच; आणि आपण रोज ज्याला ‘अंदाज’ म्हणतो तो अदमासही त्याच कुळातला. ‘कमान’ म्हणजे फारसीत धनुष्य, पण मराठीत ती दारावर जाऊन बसली. शिवकाळात राज्यव्यवहारकोशात शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग करून संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, तरीही ‘तिरंदाजी’ बोलण्यात टिकून राहिली. त्यामुळे ‘धनुर्विद्या’ लिहा असा आग्रह मी धरणार नाही.

उभे राहण्याच्या पद्धतींसाठी संस्कृतात ‘स्थान’ असा शब्द असून समपद, वैशाख, मंडल, आलीढ आणि प्रत्यालीढ अशी पाच स्थाने सांगितली आहेत. त्यातले ‘समपद’, म्हणजे दोन्ही पाय सारखे ठेवून उभे राहणे, आपल्या टिपणात सहज चालेल. दोरी ओढण्याला ‘आकर्षण’ आणि बाण सोडण्याला ‘मोक्ष’ म्हणतात. हे दोन्ही शब्द मराठीत इतक्या वेगळ्या वाटांनी गेले आहेत, की ते परत आणू नयेत. कानापर्यंत दोरी ओढली तर ते ‘आकर्ण’ ओढणे. ‘अँकर’साठी तो शब्द चालेल का, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

सर, ‘आकर्ण’ रिकर्व्हला, म्हणजे टोके पुढे वळलेल्या बिनचाकांच्या धनुष्याला, चालणार नाही. रिकर्व्हमध्ये हात हनुवटीच्या खाली येतो आणि दोरी हनुवटीला व नाकाच्या शेंड्याला टेकते. कंपाउंडमध्ये हात जबड्याच्या हाडापाशी, कानाच्या खाली येतो, तिथे फार तर जवळपास म्हणता येईल. मी मुलांना सांगताना ‘टेक’ म्हणतो : ‘टेक कुठे आहे? रोज तिथेच हवी.’ भिंतीला टेकून बसायचे ते जसे ठरलेल्या जागी, तसेच हे. ‘नांगर’ असे भाषांतर कोणी केले तर मुलांना काहीच बोध होणार नाही.

आता ‘रिलीज’. इथे मराठी इंग्रजीपेक्षा जास्त नेमके बोलते, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे ‘सोडणे’ आणि ‘सुटणे’ अशी दोन क्रियापदे आहेत आणि या खेळातली निम्मी शिकवण त्या दोघांतल्या फरकात आहे. मुलगा दोरी ‘सोडतो’ तेव्हा बोटे मुद्दाम उघडतो, मनगट बाहेर झटकले जाते आणि बाण डावी-उजवीकडे जातो. दोरी ‘सुटते’ तेव्हा पाठीचे स्नायू ओढ चालू ठेवतात, बोटे फक्त सैल पडतात आणि हात आपोआप मानेच्या कडेने मागे सरकतो. मी दिवसातून पन्नास वेळा ‘दोरी सोडू नकोस, सुटू दे’ म्हणतो. टिपणात हे वाक्य तसेच घाला.

‘ड्रॉ लेंथ’साठी ‘ओढ’ पुरेसे आहे. ‘तुझी ओढ किती? सव्वापंचवीस.’ आईची, माहेरची ओढ आपल्याला ठाऊक असली, तरी पुढे इंच आले की गोंधळ होत नाही. मोजण्याची रीतही सांगा : पूर्ण ओढलेल्या अवस्थेत बाणाच्या दोरीवर बसणाऱ्या खाचेपासून धनुष्याच्या मुठीच्या सर्वांत खोल जागेपर्यंतचे अंतर, अधिक पावणेदोन इंच. कव भागिले अडीच हा केवळ सुरुवातीचा अदमास आहे. कंपाउंडला तो अर्धा इंच चुकला तरी अंगाला जाणवतो, कारण त्या धनुष्यात ओढ एका ठिकाणी संपते आणि पुढे भिंत लागल्यासारखे होते. शरीर त्या भिंतीपाशी जुळवून घेते आणि इथूनच पद्धत बिघडू लागते.

‘ड्रॉ वेट’ला ‘ताण’ म्हणावे.

प्रतिसाद

‘ताण’ या शब्दाला माझी हरकत आहे. मी पदार्थविज्ञान शिकवते. धनुष्याला दोरी चढवून ते नुसते खुंटीला टांगून ठेवले, तरी दोरीत ताण असतोच, त्या वेळी कोणी ती ओढत नसते. ‘ड्रॉ वेट’ हे हाताला लावावे लागणारे बल आहे. दोन्हींना एकच शब्द दिला, तर नववीतल्या मुलाचा पुढे पाठ्यपुस्तकात घोटाळा होईल. शिवाय ‘माझ्या मुलीला ताण जास्त होतोय’ हे वाक्य एखाद्या पालकाने उच्चारले, तर आजच्या मराठीत त्याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

माझी सूचना ‘जोर’ अशी आहे. ‘तीस पाउंड जोराचे धनुष्य.’ वस्तूच्या वजनाशी त्याचा गोंधळ होत नाही आणि त्या आजोबांनाही तो पहिल्या झटक्यात कळेल. कंपाउंडमध्ये शेवटी हातावरचे ओझे एकदम कमी होते, त्याला ‘जोर ओसरतो’ म्हणता येईल. साठ पाउंडांच्या धनुष्यात जोर ऐंशी टक्के ओसरला, तर नेम धरून उभे असताना हातावर फक्त बारा पाउंड उरतात. या वाक्यात ‘ताण’ घालून पाहा, दोरीतला ताणही तितकाच कमी झाला असे चुकीचे चित्र उभे राहील.

प्रतिसाद

‘जोर’ मला पटला, ‘ताण’ मागे घेतो. त्याला जोडून एक माहिती टिपणात आवश्यक आहे. रिकर्व्हच्या पात्यांवर (मुठीच्या वर-खालच्या वाकणाऱ्या भागांवर) छापलेला जोर २८ इंच ओढीचा असतो. ज्याची ओढ त्याहून कमी, त्याच्या हाताला जोरही कमी लागतो, साधारणपणे इंचामागे दोन पाउंड. म्हणजे पंचवीस इंच ओढीच्या मुलीला तीस पाउंडांची पाती प्रत्यक्षात चोवीसच्या आसपास पडतात. दुकानात ‘तीस’ वाचून घाबरायचे कारण नाही आणि त्याच्या बळावर पुढच्या वेळी एकदम चाळीसवर उडी मारायचेही कारण नाही.

जोर झेपतो की नाही, याची सोपी खूण अशी : धनुष्य लक्ष्याच्या रेषेत धरून, ते आभाळाकडे न उचलता आणि खांदा कानाकडे न चढवता, सावकाश ओढता आले पाहिजे. ताई, आपल्या भाच्याच्या टिपणातही हे असणार. शिकारीला गेलेला माणूस थंडीत तासन्‌तास निश्चल बसलेला असतो, अंगात जाड कपडे असतात, आणि धनुष्य वर उचलून हिसका दिला तर तेवढ्या हालचालीने जनावर निसटते. शिवाय झेपत नसलेल्या जोराने सुटलेला बाण जनावराला नुसते जखमी करून जातो, म्हणून त्यांच्याकडे ही बाब फार गांभीर्याने घेतात.

प्रश्नकर्तीकडून

होय, आहे. मचाणावरून खाली नेम धरताना हात खाली न पाडता कमरेतून वाकावे, म्हणजे दोन्ही खांद्यांची आणि बाणाची रेषा मोडत नाही, हेही त्याने लिहिले आहे. इथे थ्री-डी प्रकारात प्राण्याच्या आकाराच्या फोमच्या लक्ष्यांवर उतारावरून बाण मारावे लागतात, त्यांना हे तसेच लागू पडेल, म्हणून ते वाक्य ठेवते. जाड जाकिटाची बाही दोरीत अडकते, त्यामुळे मापे त्याच कपड्यांत घ्यावीत, ही त्याची सूचना मात्र पुण्याच्या हवेत गाळली तरी चालेल.

‘बो फिट’साठी मी ‘बेतणे’ वापरायचे ठरवते आहे. माझे वडील शिंपीकाम करत. कापड पसरून, अंगाची मापे घेऊन, खडूने खुणा करून कापण्याला ते ‘बेतणे’ म्हणत, आणि एकदा बेतलेल्या कापडात नंतर वाढ काढता येत नाही, हे ते गिऱ्हाइकाला आधीच बजावत. धनुष्य माणसाच्या मापाने जुळवणे याला यापेक्षा जवळचा शब्द मला सुचत नाही. फक्त विभक्ती सांभाळावी लागेल. ‘धनुष्य अंगाला बेतले’ हे बरोबर आहे, पण ‘अंगावर बेतले’ म्हटले की अर्थ थेट संकटाकडे जातो. माझ्या मुलीच्या बाबतीत अंगाला न बेतलेले धनुष्य अंगावरच बेतले होते, त्यामुळे दोन्ही प्रयोगांतले अंतर मला चांगलेच ठाऊक आहे.

‘फॉर्म’चे मात्र अजून जमलेले नाही. क्रिकेटच्या बातम्यांतला ‘सूर गवसला’ हा फॉर्म वेगळा, तो दिवसागणिक येतो आणि जातो. इथला फॉर्म म्हणजे पायांपासून बोटांपर्यंत शरीर कसे लावलेले आहे ते. ‘पवित्रा’ म्हटले तर डोळ्यांसमोर लाठीचा खेळ येतो आणि लक्ष फक्त पायांकडे जाते.

प्रतिसाद

‘ठेवण’ घ्या. तबला शिकवताना ‘हाताची ठेवण सुधार’ म्हणतात, तोच हा अर्थ आहे. पायांची ठेवण, खांद्याची ठेवण, मुठीची ठेवण असे सुटे करूनही बोलता येते आणि शिकवताना तसेच बोलावे लागते. मुठीचे उदाहरण घ्या : धनुष्य मुठीत आवळायचे नसते, अंगठ्याच्या बाजूच्या मांसल भागावर, तळहातावरच्या आयुष्यरेषेच्या अलीकडे त्याचा दाब घ्यायचा आणि बोटे सैल ठेवायची. असे केले की बोटांची पेरे उभी न राहता तिरपी, साधारण ४५ अंशांत दिसतात, आणि कोपर आपोआप बाहेर वळून दोरीच्या वाटेतून बाजूला होते. आपल्या मुलीच्या हातावरचा वळ अर्धा ओढीमुळे असेल, तर अर्धा मुठीच्या या ठेवणीमुळेही असू शकतो, तेवढे तपासून पाहा. ठेवण बरोबर राहून ती अंगवळणी पडली, की त्याला आपण ‘हात बसला’ म्हणतोच.

प्रश्नकर्तीकडून

काल संध्याकाळी मैदानावर तपासले. मूठ खरोखरच आवळलेली होती आणि पेरे सरळ उभी दिसत होती. बोटे सैल करून घेतल्यावर धनुष्य पुढे पडेल या भीतीने तिने पहिले दोन बाण घाबरतच मारले, तिसऱ्यापासून कोपर बाजूला राहू लागले. नवे धनुष्य साडेपंचवीस इंचांना लावून घेतले आहे. ‘ठेवण’, ‘ओढ’, ‘जोर’, ‘टेक’ आणि ‘बेतणे’ हे शब्द टिपणात जात आहेत. कंसात मूळ शब्द देवनागरीत पहिल्यांदा एकदाच देईन, कारण दुकानात आणि स्पर्धेत तेच कानावर पडणार.

एकच शब्द उरला : बाणाचा ‘स्पाइन’, म्हणजे त्याची काडी किती वाकते हे सांगणारा आकडा. ‘कणा’ लिहिलेले मला पटत नाही आणि ‘ताठपणा’ लिहिले तर आकडा उलटा पडतो, कारण ५००चा बाण ४००च्या बाणापेक्षा कमी ताठ असतो.

प्रतिसाद

मग ‘वाक’ म्हणा. मोजतातही तेच : बाणाची काडी २८ इंचांवरच्या दोन आधारांवर आडवी ठेवून मधोमध ८८० ग्रॅमचे वजन टांगतात आणि ती इंचाच्या किती हजारांश खाली वाकते ते पाहतात. पाचशे हजारांश, म्हणजे अर्धा इंच वाकली तर ५०० वाकाचा बाण. आकडा मोठा तितका वाक जास्त, आणि जोर वाढवला की कमी वाकाचा बाण घ्यायचा, हे पालकांना आकड्यावरूनच कळेल.

प्रश्नकर्तीकडून

‘वाक’ घेतला. मुलीच्या भात्यातल्या बाणांवर ६०० लिहिलेले आहे, त्याच्याखाली आजच पेनने ‘वाक’ असे लिहून ठेवते.