समुद्री पक्ष्यांचे आवाज ऐकायचं काम सोलापुरात बसून जमेल का?

मागवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. मी यंत्रमागावर जॉबर होतो, आता घरीच असतो. मुलीनं मोबाइलवर वाचून दाखवलं की समुद्री पक्ष्याच्या अंगावर बारका रेकॉर्डर लावतात आणि नुसत्या आवाजावरून तो समुद्रात काय करत होता ते ओळखतात. असली रेकॉर्डिंग ऐकायला स्वयंसेवकही घेतात म्हणे. मला हे काम मनापासून करायचंय. सगळे माग चालू असताना कुठल्या मागाचा धोटा नीट जात नाही, हे मला पाठमोरं उभं राहूनही कळायचं. अडचण एकच, त्या खडखडाटानं कान थोडे गेलेत. उंच पट्टीचं बारीक काही ऐकू येत नाही. तरी उपयोग होईल का माझा?

माळढोक_वाट
काका, होईल की! मी इथंच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तुम्ही म्हणताय ते काम केप गॅनेट पक्ष्यावर झालंय, दक्षिण आफ्रिकेच्या अल्गोआ उपसागरातल्या बर्ड आयलंडवर. हा पक्षी वरून सूर मारून सार्डिन, अँकोव्ही असले मासे पकडतो. किनाऱ्यापासून इतक्या लांब त्याच्यामागं कोण जाणार? म्हणून रेकॉर्डर. पक्षी अडीच किलोच्या आसपास, आणि वजनाच्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त ओझं शक्यतो लादायचं नाही असा संकेत आहे. म्हणजे सगळं मिळून पाऊणशे ग्रॅमच्या आत.

आता तुमच्या कानाचं. इथं बारीक शीळ ओळखायची नसते. उडताना वाऱ्याचा घोंघाट आणि पंखांची फडफड, पाण्यावर बसला की लाटांची चुळचुळ, सूर मारला की धप्पकन आवाज आणि लगेच सगळं दबलेलं. अधूनमधून त्याची स्वतःची खरखरीत हाक. शिवाय आवाजाचं चित्र पडद्यावर उमटवता येतं, त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. चित्रात खूण जितकी वर, तितका आवाज उंच पट्टीचा. जे ऐकू येत नाही ते दिसतं.

उजनी_कुरव
एवढं सगळं संगणकच करतो ना आता? माणसं कशाला लागतात?

माळढोक_वाट
संगणकाला आधी कुणीतरी शिकवावं लागतं. हा तुकडा उडण्याचा, हा सूर मारण्याचा, असं माणसानं खूण करून दिलं तरच तो पुढचे तासन् तास चाळतो. झूनिव्हर्स म्हणून स्वयंसेवकांकडून असली कामं करून घेणारं संकेतस्थळ आहे, तसल्या ठिकाणी एकच तुकडा बऱ्याच जणांना देतात आणि बहुतेकांचं जमलं ते धरतात. त्यामुळं एकाचं चुकलं तरी बिघडत नाही, काका, बिनधास्त खूण करा. तिथल्या सीबर्ड वॉचमध्ये वसाहतींचे फोटो पाहून पक्षी मोजायचे असतात. आवाजाचे प्रकल्प येतात-जातात, यादी बघत राहावी लागते. पानं बहुतेक इंग्रजीत असतात, तेवढं मुलीला सोबत घ्या.

आणि माणसाच्या कानाला अजून खूप सापडायचंय. किंग, जेंटू आणि मॅकरोनी पेंग्विनच्या पाठीवरच्या कॅमेऱ्यांतून पाण्याखाली शिकार करतानाचे 203 आवाज मिळाले, 2019 मध्ये ते छापून आलं. पेंग्विन पाण्याखालीही आवाज करतात याचा तोवर पुरावाच नव्हता! का करतात, हे अजून उलगडायचंय. मला तर हे वाचून झोप लागली नव्हती.

उजनी_कुरव
पटलं. काका, सरावाला समुद्र कशाला, थंडीत उजनीवर कुरव येतात आणि नदी सुरय तर तिथलाच. सुरयही सूर मारूनच मासा धरतो. मोबाइलवर रेकॉर्ड करा, फक्त माइकवर स्पंजचा तुकडा लावा, नाहीतर नुसता वारा येईल.

मागवाला_सोलापूर
लई आभार मॅडम. ते चित्राचं कळल्यावर जीव भांड्यात पडला. उजनीला जाईनच, पण आधी हिप्परग्याच्या तलावावर जातो, ते जवळ आहे. एक सांगा, कानात घालायचे हेडफोन बरे की कान पूर्ण झाकणारे? डावा कान जास्त गेलाय.

माळढोक_वाट
पूर्ण झाकणारे घ्या, वायरवाले. आवाज बेताचाच ठेवा, आहे तो कान जपायचाय. आणि दोन्ही कानांत सारखाच आवाज येईल असं मोबाइलच्या सेटिंगमध्ये करता येतं, ‘मोनो’ म्हणून असतं ते.