प्रतिसाद: खालचा जबडा पुढे, थांबायचं की आत्ताच बघायचं?

वर निपाणीच्या ताईंनी लिहिलंय की पोरगी आठ वर्षांची, खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात आणि घरची म्हणतात सगळे पक्के दात येऊ देत मग बघू. ताई, थांबू नका, एकदा दाखवून तरी घ्या. आमच्या भावाच्या पोराच्या बाबतीत अगदी हेच झालं, खानापुरात सगळे म्हणाले वयात आला की सुटतंय, आणि चौदाव्या वर्षी नेला तर डॉक्टर म्हणाले आता वाढ थांबेपर्यंत वाट बघा, मग गरज पडली तर ऑपरेशन, फार वाईट वाटलं तेव्हा.

इंग्लंडात यावर नीट अभ्यास झालाय. सात ते नऊ वर्षांची ७३ मुलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाला फेसमास्क म्हणजे कपाळ-हनुवटीला टेकून रबरानं वरचा जबडा पुढं ओढणारी पट्टी, दुसऱ्याला काहीच नाही. सहा वर्षांनी बघितलं तर जबड्याच्या ऑपरेशनची गरज फेसमास्कवाल्यांत ३६ टक्के, दुसऱ्यांत ६६. म्हणजे हमी नाहीच, पण फरक केवढा बघा की! लहानपणी वरच्या जबड्याचे सांधे अजून घट्ट झालेले नसतात म्हणून ओढ लागू पडते.

पट्टी दिवसाला बारा-चौदा तास लावावी लागते, शाळेतनं आल्यापासनं सकाळपर्यंत, पोरगी रडेल, तिला जवळ घेऊन समजवा. बेळगावात डेंटल कॉलेज आहे, तिथं ऑर्थोडोंटिस्टलाच, म्हणजे वाकडे दात-जबडे नीट करणाऱ्या डॉक्टरलाच दाखवा, आणि घरात आजोबा-काका कुणाचा जबडा असाच असेल तर ते आधी सांगा.