घरच्यांना घेऊन श्रीलंका, थायलंड, बाली... तुमचे अनुभव सांगा

चादरवाली
काल चादरी गच्चीवर टाकायला ट्रंक उघडली. अगदी तळाच्या मयूरपंखी चादरीला अजून दालचिनीचा वास येतोय. तिथेच बसले मग, अर्धा तास.

मे २०१७. आम्ही दोघं, मुलं आणि सासू-सासरे. आम्ही त्यांना आत्या आणि मामाच म्हणायचो. मामांचा तो पहिला आणि शेवटचा विमानप्रवास. श्रीलंकेचं ठरलं तेव्हा सोलापुरात पारा ४३ वर. मामा म्हणाले, "चाळीस वर्षं मागावर उभा राहिलोय, मला ऊन काय करतंय?" आम्हालाही ते खरंच वाटलं.

सिगिरियाचा खडक रानातून सरळ वर येतो, जवळजवळ २०० मीटर. १२०० च्या आसपास पायऱ्या. पाचव्या शतकात कश्यप राजाने त्याच्या माथ्यावर राजवाडा बांधला होता. आम्ही नाश्ता वगैरे करून निवांत अकराला चढायला लागलो, ती चूक. तापमान ३२ च असेल. पण मामांचा सदरा पिळला असता तर पाणी निघालं असतं. आपल्याकडे घाम येतो तसा उडून जातो, अंग गार राहतं. तिथल्या हवेतच एवढं पाणी असतं की घाम उडतच नाही, अंग आतून तापत राहतं. वर जाताना वाटेत सिंहाचे दोन मोठे पंजे बांधलेले आहेत ना, मामा तिथपर्यंत आले आणि खालीच बसले. ओठ पांढरे, हात गार. आत्यांच्या पिशवीत मीठ-साखरेची पुडी होती, ती पाण्यात ढवळून पाजली. शेजारच्या दोन बायका छत्री धरून उभ्या राहिल्या. आमच्या ओळखीच्या ना पाळखीच्या.

जरा बरं वाटल्यावर यांनी आणि ड्रायव्हरदादांनी धरून त्यांना खाली नेलं. मामा मला म्हणाले, "एवढं आलाय तर पोरांना वर नेऊन आण." मी गेले. वर वीस मिनिटं होते, काय बघितलं ते आजही सांगता येणार नाही. जीव खाली होता.

उतरून आले तर मामा झाडाखाली बसलेले. हातात तंबिली, म्हणजे तिथलं केशरी शहाळं. शेजारी ड्रायव्हरदादा, आणि दोघं बोटं मोजतायत. "एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नमय, दहय." मामा मला बघून लहान मुलासारखे ओरडले, "अगं, हे दहा म्हणतायत बघ! दहाच!"

घरी आल्यावर त्यांनी राजवाड्याचं नाव काढलं नाही. येईल त्याला हे आकडेच सांगायचे. मामांना जाऊन या आषाढात दोन वर्षं होतील.

तुमच्याही अशा आठवणी असतील तर लिहा ना. काय चुकलं, काय शिकलात, सगळंच.

कडक_भाकरी
वाचून डोळे भरून आले ताई. माझ्या आईला शेम असंच झालं, बँकॉकला. एप्रिलमध्ये गेलो होतो. दुपारी देवळातल्या फरशीवर अनवाणी चालायचं, पाय नुसते भाजत होते. आईला दुपटं गुंडाळून दिलं पायाला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांसाठी मोजे पिशवीत. मोजे चालतात.
बाकी आत्ता भाजी फोडणीला टाकलीय, नंतर लिहिते.

रंगगाडा
एप्रिलमध्ये बँकॉक म्हणजे सोंगक्रान पण बघितला असेल! १३ ते १५ एप्रिल, त्यांचं नवीन वर्ष. रस्त्यावर पाणीच पाणी, पिचकाऱ्या, पिंपं भरलेले टेम्पो. मला आपली रंगपंचमीच आठवली, रंग सोडून सगळं तेच. आमचे चार पासपोर्ट वडिलांच्या कमरेच्या पाऊचमध्ये होते, भिजून लगदा व्हायचे बाकी होते. रात्रभर हॉटेलातल्या हेअर ड्रायरने वाळवले. पासपोर्ट प्लॅस्टिकच्या झिपवाल्या पिशवीत ठेवा. आणि भाड्याने स्कूटर घेताना कोणी पासपोर्ट ठेवून घेतो म्हणालं तर देऊ नका, झेरॉक्स द्या, नाहीतर दुसरं दुकान बघा.

पूर्व_भागातली
@चादरवाली आकड्यांवरून आठवलं. आमच्या घरी तेलुगू. श्रीलंकेत पाट्या सिंहली, तमिळ, इंग्रजी तिन्हीत. तेलुगूवर तमिळ धकून जाईल असं सासूबाईंना वाटत होतं, अजिबात नाही धकलं. पण सिंहलीत पावाला "पान" म्हणतात. आपला पाव आणि त्यांचा पान, दोन्ही पोर्तुगिजांकडूनच आलेले. सासूबाईंनी पहिल्या दिवशी विडा मिळेल म्हणून पान मागितलं आणि अख्खी पावाची लादी आली. आणि गावाला "गम". किती जवळचं वाटतं.

शुद्ध_शाकाहारी
शाकाहारी लोकांनी एक नीट ऐका. तिथलं पोल सांबोल दिसायला आपल्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीसारखं. लाल मिरची, कांदा, लिंबू. माझ्या आजेसासूबाईंनी दोन दिवस ते चाटूनपुसून खाल्लं. तिसऱ्या दिवशी कळलं की त्यात बहुतेक वेळा उंबलकड घालतात, म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा. त्यांचा आयुष्यभराचा नेम. त्या रात्री जेवल्या नाहीत, मी पण नाही जेवले. हॉटेलवाल्याने काही फसवलं नव्हतं, आम्ही विचारलंच नव्हतं. नुसतं "व्हेज" म्हणू नका, "मासा नको, सुका मासा पण नको" असं वेगळं सांगा. सांगितलं की ते प्रेमाने वेगळं करून देतात. नंतर नारळाच्या दुधातला भात दिला, किरिबत, तो आजींना फार आवडला.
तेव्हापासून शेंगाचटणी आणि कडक भाकरीशिवाय आम्ही हद्द ओलांडत नाही.

हुरडा_पार्टी
शेंगाचटणी उखळात कुटलेलीच न्या. मिक्सरची तेल सोडत नाही.

शुद्ध_शाकाहारी
हो, कुटलेलीच. डब्याला वरून प्लॅस्टिक आणि रबर. एकदा बॅगेत तेल गळून सगळे कपडे लाल झाले होते.

कडक_भाकरी
भाकऱ्या मात्र तिथे दोन दिवसात वातड होतात, त्या दमट हवेने. हवाबंद डबाच हवा.

होटगी_रोड
सगळं ठीक, पण समुद्राबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. शाळेला सुट्टी म्हणून आम्ही पण मे महिन्यात गेलो आणि बेंटोटाला चार दिवस बुक केले. बेंटोटा पश्चिम किनाऱ्यावर. मेपासून तिथे आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी पाऊस, समुद्र खवळलेला. त्या दिवसांत पूर्वेकडे जायचं असतं, त्रिंकोमालीला. तिथला मोठा पाऊस डिसेंबरच्या सुमारास. एका एवढ्याशा बेटाचे दोन पावसाळे, हे आम्हाला तिथे जाऊन कळलं.
लाल झेंडा लावला होता. गुडघाभर पाण्यात काय होतंय म्हणून मुलाला उभं केलं, नऊ वर्षांचा. लाट परत जाताना त्याच्या पायाखालची वाळूच घेऊन गेली. माझ्या हातात त्याचं मनगट होतं, ते निसटून बोटं राहिली, मग दोन बोटं. तिथल्या एका कोळ्याने पळत येऊन काखेत धरून बाहेर काढला. आपण सोलापूरची माणसं, तळ्याच्या पाण्याची सवय. समुद्र वरून सपाट दिसतो आणि खालून ओढतो. लाल झेंडा असेल तर पाय पण भिजवू नका. हे हात जोडून सांगतोय.

चादरवाली
अंगावर काटा आला हो. लेकरू बरं आहे ना आता?

होटगी_रोड
बरा आहे, आता बारावीला. पोहायला शिकवलं परत आल्यावर लगेच.

पूर्व_भागातली
देव पावला.

सातरस्ता
पासपोर्टसाठी अजून पुण्यालाच जावं लागतं का? आईवडिलांचे काढायचेत.

रंगगाडा
नाही हो, आपल्याकडे पोस्टात होतं. अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्या. आधार आणि शाळेच्या दाखल्यावरचं स्पेलिंग आधी जुळवून बघा, आमचे तीन हेलपाटे त्यातच गेले.

निवृत्त_मास्तर
माझा अनुभव बालीहून परतल्यानंतरचा. आल्यावर पाचव्या दिवशी सौभाग्यवतींना ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून येणं. प्रवासाचा शीण समजून मी त्यांना घरातली अंगदुखीची गोळी दिली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठे बाहेर गेला होतात का?" तपासणीत डेंगू निघाला. ते म्हणाले, अशा तापात फक्त पॅरासिटामॉल घ्यायचं, अ‍ॅस्पिरिन-आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्या सावरल्या, पण ते नऊ दिवस मी विसरणार नाही. हा डास दिवसा चावतो. आम्ही मच्छरदाणी रात्री लावायचो आणि दिवसभर अर्ध्या बाह्यांत फिरायचो. आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर कुठे जाऊन आलो ते डॉक्टरांना स्वतःहून सांगावे, ही सर्वांना विनंती.

हुरडा_पार्टी
सर, मी तुमचा विद्यार्थी असणार! भूगोल शिकवायचा का तुम्ही?

निवृत्त_मास्तर
गणित. पण ये कधीतरी घरी.

कडक_भाकरी
आले परत. @चादरवाली, मेमध्ये गेलात म्हणजे वेसाक मिळाला का?

चादरवाली
मिळाला ना! १० मे होती त्या वर्षी, आपली बुद्धपौर्णिमा. रस्त्यारस्त्यावर कागदी कंदील. आणि दानसल. लोक गाड्या थांबवून फुकट जेवू घालतात, भात, सरबत, काय काय. मामा मंडपात शिरले ते सरळ पत्रावळी वाटायलाच लागले. सिद्धेश्वराच्या यात्रेला वाढायची सवय. भाषा कोणाची कोणाला कळत नव्हती, पण कोणी त्यांना थांबवलं नाही.
धाकटीने एका देवळात बुद्धाकडे पाठ करून फोटो काढला. रखवालदाराने ओरडलं नाही, हळूच तिचे खांदे धरून तोंड मूर्तीकडे वळवलं. तिकडे ते फार मनाला लागतं, मुलांना आधीच सांगा.

सातरस्ता
पासपोर्ट झाले की आम्हीही श्रीलंकेलाच जाणार, फेब्रुवारीत. आई ७१. सिगिरियाला नेऊ का नको?

चादरवाली
न्या, पण सकाळी उघडताक्षणी. आणि त्या म्हणतील तिथे थांबा. खाली बागा आहेत, पाण्याची कुंडं आहेत, तिथेही छान वेळ जातो. एक जण कायम त्यांच्याजवळ ठेवा, आळीपाळीने.

सातरस्ता
आणि चादर? उकाड्यात चादर का नेली होती तुम्ही?

चादरवाली
नुवारा एलिया १८०० मीटरच्या वर आहे, रात्री कुडकुडलो आम्ही. आत्यांनी हट्टाने चादर घेतली होती, मामा तीच पांघरून झोपले. सकाळी बाजारात दालचिनी घेतली ती त्याच चादरीत बांधून आणली. तुम्ही घ्याल तेव्हा जाड सालीची घेऊ नका. विडीसारखी गुंडाळलेली असते, पातळ पातळ थरांची, बोटांनी चुरडली की लगेच चुरा होतो. ती खरी.

सातरस्ता
तुमच्यासाठी आणतो ताई.

चादरवाली
आणा. चादर अजून धुतली नाहीये मी.