बारचा रिव्ह्यू लिहिताना किती डिटेलमध्ये जायचं? (सोलापूर)

कडकभाकरी
मंडळी एक विचारायचंय. मागच्या शनिवारी आम्ही चौघं हैदराबाद रोडला एका परमिट रूमला बसलो होतो, नाव टाकत नाही, नंतर बघू. घरी आल्यावर झोप येईना म्हणून मोबाइलवर रिव्ह्यू लिहायला घेतला आणि लिहिता लिहिता साडेसातशे शब्द झाले. मसाला पापडावर कांदा किती, टोमॅटो किती, पेग मापानं ओतला का अंदाजे, एसी हॉलमध्ये एसी नुसता आवाज करतोय, वरच्या मजल्यावर ऑर्केस्ट्रा हाय त्यात कोण चांगलं गातं, कुठली मुलगी नवीन आलीय, आमच्या टेबलच्या वेटरनं न मागता दोनदा शेंगा आणि काकडी भरून दिली म्हणून त्याचं नाव लिहून कौतुक, शेजारच्या टेबलला कोण बसलेलं, सगळं लिहिलं. चार फोटो पण काढलेत.

पोस्ट करायच्या आधी ग्रुपवर टाकलं तर एक मित्र म्हणाला "काय करलालास बे, रिव्ह्यू हाय का पंचनामा?" दुसरा म्हणतो टाक की, लोकांना डिटेलच पाहिजे असतं. मला पण तसंच वाटतं, कारण बाकीचे रिव्ह्यू बघा, "मस्त ठिकाण, एकदा नक्की भेट द्या", "ओके ओके", याच्यातनं माणसाला घंटा कळतं? पण मग थांबायचं कुठं?

रात्रीची_सिद्धेश्वर
मी फिरतीवरचा माणूस, महिन्यातनं दोनदा सोलापूर. मला विचाराल तर पापडावरचा कांदा कापा आणि एकच गोष्ट लिहा, ऑर्डर दिल्यापासनं ताटात यायला किती वेळ लागला. माझं काम आठला संपतं, रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची असते, मधल्या वेळात एक बिअर आणि जेवण. मागं एकदा "सर्व्हिस फास्ट" असा रिव्ह्यू वाचून गेलो, पावणेनऊला मटण सांगितलं ते साडेनऊ झाले तरी येईना, शेवटी पार्सल करून घेतलं आणि गाडीत वरच्या बर्थवर मान वाकडी करून खाल्लं, खालचा माणूस वासानं रात्रभर कुरकुरत होता. तो रिव्ह्यू लिहिणारा बहुतेक मंगळवारी दुपारी गेला असणार. म्हणून वार आणि टाइम लिहा. आणि महिना पण, गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीत गेलेल्याचं मत वेगळं आणि मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला एसी हॉलमध्ये बसलेल्याचं वेगळं.

माप_दाखवा
वरच्या सरांशी सहमत, फक्त तारखेच्या पुढं बिल पण जोडा. माझा अनुभव असा की नाइटच्या जागेबद्दल निम्मी भांडणं बिलावरनं असतात आणि रिव्ह्यूत लिहितात काय तर "रेट जास्त आहेत". किती जास्त? कशावर जास्त? जेवणावर जीएसटी ५ टक्के वेगळा, दारूवर व्हॅट वेगळा, तो २०२३ च्या नोव्हेंबरपासनं परमिट रूमला ५ चा १० टक्के झालाय. त्यात मालकाचा दोष नाही तरी एक स्टार त्यालाच. परत २०२५ च्या जूनमध्ये सरकारनं उत्पादन शुल्क वाढवलं, भारतीय बनावटीच्या विदेशी दारूची १८० मिलीची क्वार्टर दुकानातच कमीत कमी २०५ ला गेली, त्यामुळं त्याच्या आधीचे सगळे रेटचे रिव्ह्यू रद्दी समजा.

सर्व्हिस चार्जचं मात्र नक्की लिहा. तो न विचारता बिलात लावायचा नाही असं केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय, द्यायचा का नाही ते गिऱ्हाइकानं ठरवायचं. पाण्याच्या बाटलीवरनं मात्र उगाच शिव्या घालू नका, हॉटेलात बसून प्यायलं तर एमआरपीपेक्षा जास्त घेता येतं असं सुप्रीम कोर्टानं २०१७ लाच म्हटलंय. आणि पेग. साठ मिली सांगितलं आणि मापी टेबलवर आणली का आतूनच ग्लास भरून आला, हे एक वाक्य तुमच्या साडेसातशे शब्दांपेक्षा भारी हाय.

जुळे_सोलापूरची
इथं सगळे दादाच बोलायलेत म्हणून मी लिहिते. आम्ही ऑफिसच्या तिघी-चौघी, नवरे धरून सात-आठ जण, महिन्या-दोन महिन्याला बाहेर जातो. बोर्डावर "फॅमिली सेक्शन" लिहिलेलं असतं, म्हणून आम्ही जातो. आता त्याचा जिना जर परमिट रूमच्या मधनंच जात असेल तर ते फॅमिली सेक्शन कशाचं? पन्नास टेबलं मान वळवून बघतात आणि आपण सिनेमातली एन्ट्री मारल्यासारखं वर जायचं. हे कोणी लिहीत नाही. बाथरूमला कडी लागते का, का दारात मैत्रीण उभी करावी लागते, हे पण नाही. पार्किंगला लाइट, अकरानंतर तिथनं रिक्षा मिळते का नाही, काहीच नाही. कडकभाकरी दादा, तुम्ही काकडी दोनदा भरली ते लिहिलंत, बायकांच्या बाथरूमबद्दल एक ओळ तरी हाय का साडेसातशेत?

कडकभाकरी
ताई नाही. बघितलंच नाही खरं सांगायचं तर.

चादर_बहाद्दर
सोलापूरची नाइटलाइफ म्हणजे होटगी रोडवरनं गोव्याचं विमान, २०२५ च्या जूनमध्ये सुरू झालंय, तिकडं जाऊन लिहा काय लिहायचंय ते 😂

काउंटरच्या_मागून
चेष्टा बाजूला. मी सहा वर्षं एका बारला कॅप्टन होतो, आता तो धंदा सोडलाय, म्हणून बोलतो.

कडकभाकरी अण्णा, तुम्ही त्या वेटरचं नाव लिहिलंय ते आधी काढा. तुम्हाला वाटतंय कौतुक केलं. आमच्याकडं असंच एका साहेबांनी लिहिलं होतं, अमुक वेटर लई चांगला, न मागता चकणा भरतो, पाच स्टार. मालकानं सकाळी काउंटरला बसून वाचलं आणि पहिला प्रश्न काय, "हा रोज किती टेबलांना फुकट भरतो?" शेंगा, काकडी, फुटाणे, सगळ्याचा हिशोब काढला अंदाजानं आणि त्या महिन्याच्या पगारातनं कापले. पोरगं अक्कलकोट बाजूच्या गावातलं, दोन वेळचं जेवण आणि झोपायला माळा धरून नोकरी. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की पाच स्टारचे पैसे त्याच्याकडनं का कापले. नंतर तो कुणालाच न मागता काही भरायचा नाही, गिऱ्हाइकं म्हणायची सर्व्हिस बिघडली.

दुसरं ऑर्केस्ट्रा. कोण नवीन आलीय, कशी दिसते, कुठनं येते, किती वाजता सुटते हे लिहिता तेव्हा तुम्ही बारबद्दल लिहीत नाही, तुम्ही त्या पोरीचा पत्ता देताय. आमच्या गेटवर असले रिव्ह्यू वाचून आलेले लोक उभे राहायचे बारा वाजता, तिची रिक्षा कुठली ते बघत. साउंड चांगला का कर्कश, जुनी गाणी का नवी, फर्माईश घेतात का, टेबलवर टिपसाठी जबरदस्ती करतात का, तेवढं लिहा. पैसे उधळायला तर सुप्रीम कोर्टानं डान्स बारच्या २०१९ च्या निकालात पण परवानगी दिलेली नाही, टिप देता येते. ते चालतं का तिथं, हे पण बिनधास्त लिहा, ते जागेबद्दल हाय.

आणि माप_दाखवा सर, बिलाचा फोटो टाका म्हणता, बरोबर हाय, पण खाली वेटरचं नाव नाहीतर नंबर छापलेला असतो बघा. ते बोटानं झाका.

माप_दाखवा
हे डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या जुन्या तीन रिव्ह्यूत बिलं आहेत, आज बसून बदलतो.

कडकभाकरी
म्हणजे चांगल्या माणसाला चांगलं म्हणायचं पण नाही का बे? शिव्या घालताना कोण विचार करत नाही, कौतुकाला एवढी बंधनं.

काउंटरच्या_मागून
म्हणा की. तोंडावर म्हणा, टिप हातात द्या, बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, ती कुठं जाते ते मी बघितलंय. रिव्ह्यूत "स्टाफ चांगला" लिहिलं तरी पुरतं. आणि शिव्या घालायच्या तर मालकाच्या निर्णयाला घाला, रेट, माप, एसी, कडी. वेटरच्या हातात यातलं काही नसतं.

रात्रीची_सिद्धेश्वर
शेजारच्या टेबलला कोण बसलेलं ते पण काढा ओ. गावात लगेच पोचतं. आणि ते चार फोटो मोठे करून बघा एकदा, मागं कोणाचं तोंड दिसतंय का. बिअरला २१ आणि हार्डला २५ वय लागतं आपल्याकडं, मागं एखादं बावीसचं पोरगं रमचा ग्लास घेऊन हसत असलं तर त्याच्या घरी पण तुम्हीच भांडणं लावणार आणि बारवाल्याचं लायसन पण अडचणीत आणणार.

कडकभाकरी
बघितले मोठे करून. एकात खरंच हाय, वेटरच्या मागं, आणि वेटरच्या खिशावरची पाटी पण स्पष्ट वाचता येते. तीन फोटो उडवले, एक पापडाचा ठेवला.

आता दीडशे शब्द राहिलेत. वार, टाइम, ऑर्डरला पस्तीस मिनिटं, एसी नावापुरता, मापी टेबलवर आणली नाही, बिलात सर्व्हिस चार्ज होता आणि विचारल्यावर काढला (हे आधीच्यात लिहिलंच नव्हतं, कांद्याच्या नादात राहिलं), ऑर्केस्ट्राचा आवाज खालच्या मजल्यावर बोलू देत नाही, स्टाफ चांगला. वेटरबद्दल तेवढंच. परवा परत त्याच रस्त्यानं जायचंय तेव्हा त्याच्या हातात शंभर देतो.

ताई, तुमच्या बाथरूमचं आमच्या मिसेसला घेऊन जाऊन बघून सांगतो. पार्किंगला लाइट हाय, पण त्याच्या खाली जनरेटर ठेवलाय, त्यामुळं सगळे गाड्या अंधारात लावतात.

जुळे_सोलापूरची
हे जनरेटरचं टाका की रिव्ह्यूत!