कालव्याच्या साखळीचे तुकडे कोडमध्ये कसे जुळवायचे?

डावा_कालवा_परभणी:
नमस्कार मंडळी. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाच्या साधारण 900 नोंदी तक्त्यात आहेत. प्रत्येक ओळीत साखळी (कालव्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) कुठून कुठपर्यंत (उदा. 12/400 ते 13/250, म्हणजे 12 किमी 400 मीटरपासून पुढे) आणि कामाचं वर्ष. कालवा 208 किमीचा. काम झालेली एकूण लांबी, राहिलेले तुकडे आणि कुठल्याही साखळीवर शेवटचं काम कोणत्या वर्षी झालं, एवढं हवं आहे. सध्या पायथनमध्ये लूपात लूप लावून जोड्या तपासतोय, पण तुकडे एकमेकांवर चढलेले असल्यानं तोच भाग दोनदा मोजला जातो. यासाठी एखादी छोटी लायब्ररी आहे का?

गोदाकाठ:
पोर्शन ही पायथनची लायब्ररी घ्या, पिपनं (पायथनच्या इन्स्टॉलरनं) लगेच बसते. पण त्याआधी सगळं पूर्ण मीटरमध्ये आणा. किमी गुणिले 1000, अधिक मीटर. आकडे नुसते शेजारी चिकटवू नका. 12/40 म्हणजे 12040, 1240 नव्हे. दशांशातले किमीही नकोत. तिथं 0.1 आणि 0.2 ची बेरीज नेमकी 0.3 येत नाही, आणि भिडायला हवेत त्या टोकांत केसाएवढी फट राहते.

तुकडे क्लोज्डओपननं बनवा: सुरुवात धरायची, शेवट सोडायचा. एक काम 13250 ला संपलं आणि दुसरं तिथूनच सुरू झालं, तर दोन्ही आपोआप एक होतात. क्लोज्ड (दोन्ही टोकं धरणारं) वापरून 0 ते 100 आणि 101 ते 200 दिलेत तर ते जुळणार नाहीत, कारण पोर्शनच्या लेखी मध्ये 100.5 आहे.

900 तुकडे एकेक करून जोडत बसू नका, सगळी यादी पोर्शनच्या इंटरव्हलला (तुकड्यांच्या संचाला) एकदम द्या. मग 0 ते 208000 मधून ते वजा केलं की राहिलेले तुकडे हातात. लांबी काढताना मात्र प्रत्येक तुकड्याचं अपर (शेवट) वजा लोअर (सुरुवात) करून बेरीज घ्या. पूर्ण संचाचं अपर वजा लोअर केलंत तर मधल्या मोकळ्या जागाही त्यात येतात.

टेल_टू_हेड:
वरच्यात एक धोका राहिला. टेलकडून (कालव्याच्या शेवटाकडून) हेडकडे (सुरुवातीकडे) मोजणी झाली की नोंद उलटी येते, 13/250 ते 12/400. पोर्शन त्यावर काहीच बोलत नाही, त्याचा रिकामा इंटरव्हल करून मोकळं होतं. काम झालेलं असूनही तो तुकडा "राहिलेल्या"त दिसतो. म्हणून आत घेतानाच "पासून" हे "पर्यंत"पेक्षा लहान आहे का ते तपासा आणि नसेल तर ती ओळ वेगळी काढा. डोळे झाकून आकड्यांची अदलाबदल करू नका, कधीकधी उलट नोंद ही टंकनाची चूक असते.

वर्षासाठी पोर्शनमध्येच इंटरव्हलडिक्ट आहे, ते प्रत्येक तुकड्याला एक किंमत जोडून ठेवतं. नोंदी वर्षाच्या चढत्या क्रमानं लावून एकेक भरा. नंतरची नोंद आधीचीवर बसते, त्यामुळे शेवटचंच वर्ष उरतं. क्रम न लावता भरलंत तर जुनं वर्ष वर येईल.

डावा_कालवा_परभणी:
आणि एकाच जागी झालेली सगळी कामं दाखवायची असतील तर?

गोदाकाठ:
मग इंटरव्हलट्री, ही वेगळी पायथन लायब्ररी. ते तुकडे विलीन करत नाही, प्रत्येक नोंद तिच्या माहितीसकट वेगळी ठेवतं. 12400 विचारलं की त्या जागेवरून जाणाऱ्या सगळ्या नोंदी परत देतं. शेवटचं टोक इथंही धरलेलं नसतं. उलटी नोंद दिली तर सरळ व्हॅल्यूएरर (चुकीच्या किमतीची एरर) येते, हे मला पोर्शनपेक्षा बरं वाटतं. पण वजाबाकीसाठी पोर्शनच सोपं.

क्वेरीवाला_लातूर:
डेटा आधीच पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असेल तर लायब्ररीही नको. आवृत्ती 14 पासून मल्टिरेंज (अनेक तुकडे एकत्र ठेवणारा प्रकार) आहे: इंट4रेंजचा (पूर्णांकांच्या तुकड्यांचा) कॉलम, त्यावर तुकडे एकत्र करणारं रेंज_अ‍ॅग, आणि पूर्ण कालव्याच्या मल्टिरेंजमधून ते वजा. उलट्या टोकांवर इथंही एरर येते. एकच काळजी घ्या: एखाद्या कालव्याची एकही नोंद नसेल तर रेंज_अ‍ॅग नल (म्हणजे काहीच नाही) देतं आणि वजाबाकीही नल होते, म्हणजे पूर्ण कालवा बाकी असूनही उत्तर कोरं. नलऐवजी दुसरी किंमत देणारं कोअ‍ॅलेस लावून तिथं रिकामं मल्टिरेंज द्या.