सर्व्हर चालू होताच स्कॅन कशाला?

खर्जातला_सा: एक ठाम मत मांडतो, पटलं नाही तर झोडपा. घरचा म्युझिक सर्व्हर एका छोट्या बोर्डावर, गाणी नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कपेटी), मध्ये वायफाय. 38,000 फायली, बहुतेक फ्लॅक फॉरमॅटच्या. रीस्टार्ट केलं की सर्व्हर आधी बारा-तेरा मिनिटं झाडून सगळ्या फायली तपासत बसतो, तोवर फोनवर नुसतं चक्र फिरतं. कालपासून एकही फाइल बदललेली नसते! चालू होताना स्कॅन ही कल्पनाच चुकीची आहे. कालचा डेटाबेस उघडा, गाणं लावा, तपासणी मागाहून करा.

तारवाला: अहो, शिव्या स्कॅनला नाही, वायफायला द्या. सगळे वेग बघतात, हेलपाटे (बोर्ड ते नॅस प्रश्न-उत्तराच्या फेऱ्या) कोणी मोजत नाही. एका फाइलचे टॅग (गाण्याचं नाव, गायक वगैरे) वाचायचे म्हणजे फाइल शोध, उघड, वाच, परत वाच, बंद कर. धरा पाच हेलपाटे. वायफायवर पिंग (एका हेलपाट्याचा वेळ) 4 मिलिसेकंद असेल तर एका फाइलला 20. गुणिले 38,000, म्हणजे 760 सेकंद. आली की नाही तुमची बारा-तेरा मिनिटं? तारेवर पिंग 0.4 धरलं तर तेच काम 76 सेकंदांत. फायली लहान असोत की मोठ्या, हेलपाटे तेवढेच.

उलटतपासणी: हिशेब बरोबर, पण मुळात टॅग परत वाचायचेच कशाला? फाइल बदललेली नसेल तर तारीख आणि आकार बघून पुढे जायला हवं, म्हणजे एकच हेलपाटा. तुमच्याच वायफायवर अडीच मिनिटांत आटपायला हवं. बारा लागतात याचा अर्थ सर्व्हर रोज प्रत्येक फाइल नव्याने उघडतोय. नॅसला जोडलेली डिस्क फॅट32 (डिस्कवर फायली मांडायची जुनी पद्धत) आहे का? फॅट तारखा स्थानिक वेळेत लिहितं, टाइमझोन लिहीत नाही. नॅसने डिस्क माउंट करताना (सिस्टमला जोडून घेताना) टाइमझोन वेगळा धरला की सगळ्या तारखा सारख्याच तासांनी सरकतात आणि सर्व्हरला वाटतं, सगळंच बदललं. माझ्याकडे हेच निघालं होतं, आणि तोवर दोन राउटर बदलून झाले होते. असो.

शेवटचा_ट्रॅक: मूळ मुद्द्यालाच विरोध. चालू होताना नाही तर कधी बघणार? लोकल डिस्कवर फाइल बदलली की लिनक्समधलं आयनोटिफाय कळवतं. नॅसवर मी लॅपटॉपवरून अल्बम टाकला तर सर्व्हरच्या कानावर काहीच येत नाही, कारण बदल त्याच्या कर्नलमधून (सिस्टमच्या गाभ्यातून) गेलेलाच नसतो. कुणीतरी सगळी फोल्डर फिरून यायलाच हवं. मग सकाळी टाकलेला अल्बम संध्याकाळी दिसत नाही म्हणून घरचे विचारतात, त्यांना तुमचा ‘कालचा डेटाबेस’ समजावून सांगा.

खर्जातला_सा: रात्री तीनला क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणारा प्रोग्राम) स्कॅन लावा ना. अल्बम टाकलाच तर बटण दाबा. रोजच्या बारा मिनिटांपेक्षा महिन्यातून दोनदा बटण परवडलं.

मंद्रसप्तक: क्रॉन असो की बटण, माउंट तपासल्याशिवाय स्कॅन नको. माझा बोर्ड नॅसच्या आधी जागा व्हायचा. स्कॅन सुरू, फोल्डर रिकामं, आणि सर्व्हरने प्रामाणिकपणे ‘गाणी नाहीत’ म्हणून सगळी लायब्ररी पुसली. दहा मिनिटांनी नॅस आलं, गाणी परत आली, पण चार वर्षांची रेटिंगं आणि प्ले काउंट गेले ते गेलेच. रडले नाही एवढंच. आता सर्व्हर सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या युनिटमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) रिक्वायर्समाउंट्सफॉर लिहिलंय. शेअर माउंट झाल्याशिवाय सर्व्हर उठतच नाही. या बाबतीत मी सा यांच्या बाजूने आहे: तो चालू होतानाचा स्कॅन नसता तर काही गेलंच नसतं.

शेवटचा_ट्रॅक: तो दोष स्कॅनचा नाही, रिकामं फोल्डर दिसताच पुसून टाकणाऱ्या सर्व्हरचा.

मंद्रसप्तक: पुसलं गेलेल्याला दोन्ही सारखंच हो.

डबाबंद: मला हा सगळाच वाद उलटा वाटतो. डिस्क जिथे आहे तिथेच सर्व्हर चालवा, हेलपाटेच संपले. बोर्ड फक्त वाजवण्यापुरता. एमपीडीत (हा एक म्युझिक सर्व्हर) तर सोयच आहे: नॅसवरचा एमपीडी डेटाबेस सांभाळतो, बोर्डावरचा प्रॉक्सी प्लगइनने तोच वापरतो.

खर्जातला_सा: माझ्या नॅसला 512 एमबी रॅम आहे हो. फोटोंचे थंबनेल करतानाच धाप लागते त्याला. निदान डेटाबेस नॅसवर हलवू का?

डबाबंद: अजिबात नको! एसक्यूलाइटची, म्हणजे डेटाबेसची, फाइल नेटवर्क शेअरवर ठेवू नका. तिथे लॉकिंगचा (एका वेळी एकानेच लिहावं म्हणून लावलेल्या कुलपाचा) भरवसा नसतो, डेटाबेस खराब होऊ शकतो. त्यांच्या दस्तऐवजातही तसा इशारा आहे. डेटाबेस बोर्डावरच, जमलं तर एसएसडीवर.

खर्जातला_सा: रात्री लांब तार काढून बोर्ड राउटरला जोडला. पावणेदोन मिनिटं. तारवाल्यांचा हिशेब जवळपास बरोबर निघाला, आणि उलटतपासणी यांचा संशयही, कारण लॉगमध्ये अजून एकूण एक फाइल ‘बदललेली’ दिसतेय. डिस्क फॅट32 नाही, एक्सफॅट (त्याच घराण्यातली नवी पद्धत) आहे.

उलटतपासणी: मग एका गाण्याची तारीख नॅसवर आणि बोर्डावर दोन्हीकडे स्टॅट कमांडने बघून इथे टाका. नॅस रीस्टार्ट करण्याआधीची आणि नंतरची, दोन्ही.

खर्जातला_सा: टाकतो. स्कॅन मात्र आजपासून बंद, त्यावर माघार नाही.